आदल्या रात्री करावयाचे केळ्यांचे पुडिंग

श्रोतेहो, ज्या घरी शिकरण ठाऊक नाही असे मराठी घर शोधून सापडणार नाही. दुपारच्या पंगतीला अवचित पाहुणा आला आणि घरात गोडाचे काही नसले, तर दोन केळी, पेलाभर दूध, थोडी साखर आणि वेलदोड्याची चिमूट एवढ्यावर गृहिणीची वेळ निभावते. परंतु शिकरणाचा एक स्वभाव आहे. ते थांबत नाही. केले की लगेच पानात वाढावे लागते. तासाभराने केळी काळवंडतात आणि मघाशी रुचकर लागलेला पदार्थ पुढे करण्याचा संकोच वाटू लागतो.

आज मी ज्या पदार्थाविषयी बोलणार आहे, त्यातही केळी, दूध आणि साखर हीच मंडळी आहेत. पण त्याचा स्वभाव नेमका उलट आहे. तो ताजा खाल्ला तर बेताचाच लागतो. एक रात्र थांबला म्हणजेच खऱ्या अर्थाने तयार होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याला बनाना पुडिंग म्हणतात. बिस्किटांचा एक थर, त्यावर केळ्यांच्या चकत्यांचा एक थर, त्यावर दाट कस्टर्ड, आणि पुन्हा हाच क्रम, अशी त्याची साधी रचना असते.

गंमत अशी की, ज्या मुलुखाने हा पदार्थ आपला मानला, तेथे केळी पिकत नाहीत म्हटले तरी चालेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सामान्य अमेरिकन कुटुंबाने केळे क्वचितच पाहिले असेल. १८७० साली एका जहाजाच्या कप्तानाने जमैकाहून केळ्यांचे घड जर्सी सिटीच्या बंदरात आणून विकले. पुढे वाफेची जहाजे आली, बर्फ घातलेले रेल्वेचे डबे आले, आणि मध्य अमेरिकेतील केळी न्यू ऑर्लिअन्सच्या बंदरातून देशभर जाऊ लागली. केंटकी राज्यातील फुल्टन या लहानशा गावी या गाड्या थांबत आणि त्यांच्या डब्यांत नव्याने बर्फ भरला जाई. एवढ्या नात्यावर त्या गावाने १९६३ पासून केळ्यांचा उत्सव भरविण्यास आरंभ केला आणि त्यात एक टन वजनाचे पुडिंग करून लोकांना वाटण्याची प्रथा पाडली. जेथे केळ्याचे झाड नाही तेथे केळ्याचा उत्सव! आपल्या परसात केळ आहे, बाजारात जळगावच्या केळ्यांचे ढीग आहेत, आणि आपण मात्र शिकरण व केळ्याची कोशिंबीर यांच्यापलीकडे फारसे गेलो नाही.

आरंभीच्या अमेरिकन कृतींत बिस्किटे नसत, स्पंज केक असे. इंग्रजांच्या ‘ट्रायफल’ या थरांच्या पक्वान्नाचीच ती नक्कल होती. केकऐवजी बाजारची बिस्किटे घालण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. १९४० नंतरच्या दशकात एका मोठ्या बिस्किट कंपनीने ही कृती आपल्या खोक्यावरच छापली, आणि ती घरोघर पोहोचली. या बिस्किटांना तिकडे ‘व्हॅनिला वेफर’ म्हणतात. या शब्दाने मात्र फसू नये. आपल्याकडे वेफर म्हटले की बटाट्याचे काप किंवा मलई भरलेली जाळीदार बिस्किटे डोळ्यांपुढे येतात. तिकडचे वेफर म्हणजे रुपयाहून थोडी मोठी, गोल, खुसखुशीत, साधी बिस्किटे होत.

आपल्याकडे त्यांची जागा मारी बिस्किट उत्तम घेते. हे बिस्किट १८७४ साली लंडनमध्ये एका रशियन राजकन्येच्या विवाहानिमित्त तयार झाले आणि तिच्याच नावाने जगभर गेले. गोव्यातील श्रोत्यांना त्याचा असा उपयोग मुळीच नवा वाटणार नाही. मारी बिस्किटांचा चुरा आणि घुसळलेली साय यांचे थर देऊन तेथे ‘सेराडुरा’ करतात. पोर्तुगीज भाषेत त्या शब्दाचा अर्थ लाकडाचा भुसा असा आहे. बनाना पुडिंग हे त्याच घराण्यातले समजावे. यात बिस्किटांचा चुरा न करता ती अखंड ठेवतात, एवढाच फरक.

आता कृतीकडे वळण्यापूर्वी माझी एक फजिती सांगणे अवश्य आहे, कारण ती ऐकली म्हणजे कृतीतील पुढील सूचना का दिल्या हे ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाच्या स्नेहसंमेलनासाठी मी मोठ्या हौसेने तीन लिटर दुधाचे पुडिंग केले. पुस्तकात वाचल्याप्रमाणे कस्टर्डमध्ये अंड्यांचा बलक आणि कॉर्नफ्लोअर घातले. बलक फुटून दुधात गोळ्या होतील या भीतीने, मिश्रण जरा दाट दिसताच पातेले चुलीवरून उतरविले. रात्री झोपताना कस्टर्ड असे छान धरलेले होते की मी समाधानाने दिवा मालवला. सकाळी झाकण काढून पाहते तो बिस्किटे आणि केळी पातळ खिरीत पोहत होती. दुसरे काही करण्यास वेळ नव्हता. वर्गात ते वाट्यांतून दिले, तेव्हा एका चिमुरडीने अत्यंत गंभीरपणे विचारले, “बाई, हे खायचं की प्यायचं?” सगळा वर्ग हसला, मीही हसले. परंतु खरे शल्य निराळेच होते. अंडे न खाणाऱ्या घरांतील चार मुली पेढा हातात घेऊन भिंतीशी बसल्या होत्या. त्यांची आठवण मला पुडिंग करताना झालीच नव्हती. पातळ झालेले पुडिंग मी विसरले असते; त्या चार मुली विसरता येईनात.

पुडिंग पातळ का झाले, याचे कारण पुढे वाचनात आले. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरे सत्त्व. भाकरीचे पीठ नव्हे. त्याचे सूक्ष्म कण गरम दुधात पाणी पिऊन फुगतात आणि त्यामुळे दूध दाटते. पण अंड्याच्या बलकात एक पाचक द्रव्य असते, ते या पिष्टाचे तुकडे करीत राहते. मिश्रण नीट उकळले तरच ते द्रव्य निकामी होते. अर्धवट तापविले तर ते रात्रभर गुपचूप आपले काम करते, आणि सकाळी दाट कस्टर्डचे पाणी झालेले आढळते. बलक फुटण्याचे भय येथे फारसे नसते, कारण तेच पिष्ट बलकाला सांभाळून घेते. तात्पर्य, ज्या भीतीने मी पातेले उतरविले तीच भीती नडली.

अंडे न घालता हा पदार्थ करावयाचा तर कस्टर्ड पावडर आहेच. तिचा इतिहासही मनोरंजक आहे. १८३७ साली बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती शोधून काढली. त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे आणि कस्टर्ड तर फार आवडे. घरातील एका माणसाने ताटावरून उपाशी उठू नये, म्हणून झालेला हा शोध आहे. माझ्या चार विद्यार्थिनींचे उत्तर माझ्या फडताळातल्या डब्यात आधीपासूनच होते, हे मला उशिरा सुचले. म्हणून मुख्य कृती मी बिनअंड्याचीच सांगते.

आठ माणसांसाठी साहित्य असे घ्यावे: साय असलेले दूध पाऊण लिटर, कस्टर्ड पावडर ४५ ग्रॅम म्हणजे साधारण पाच सपाट मोठे चमचे, साखर १०० ग्रॅम, मीठ चिमूटभर, लोणी एक चमचा, मध्यम आकाराची पाच केळी आणि मारी बिस्किटे सुमारे २०० ग्रॅम. वरच्या थरासाठी घुसळण्याजोगी दाट ताजी साय, म्हणजे बाजारात क्रीम म्हणून मिळते ती, २०० मिलिलिटर. ती न मिळाल्यास अडत नाही.

वाटीभर थंड दूध बाजूला काढून त्यात कस्टर्ड पावडर कालवावी. पावडर एकदम गरम दुधात टाकू नये; बाहेरचे कण चटकन फुगून आत कोरड्या गाठी राहतात. उरलेले दूध साखर आणि मीठ घालून उकळावे. त्यातील पळीभर गरम दूध कालवलेल्या पावडरीत घालावे, आणि मग ते सारे हळूहळू पातेल्यात ओतावे. मंद आचेवर तळापासून सतत ढवळावे. मिश्रण दाटून फदफदू लागले की तेथून घड्याळ लावून पुरी दोन मिनिटे ढवळत राहावे. मग उतरवून लोणी घालावे. आवडत असल्यास थोडे जायफळ किसून घालावे. केळ्याशी त्याची चांगली जमते.

ज्यांना अंडे चालते त्यांनी कस्टर्ड पावडरीऐवजी ३५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि तीन अंड्यांचा बलक थंड दुधात फेटून घ्यावा, आणि शेवटी चमचाभर व्हॅनिलाचा अर्क घालावा. उकळण्याचा नियम त्यांनी तर कटाक्षाने पाळावा.

कस्टर्ड कोमट होईपर्यंत थांबावे आणि अधूनमधून ढवळावे, म्हणजे वर साय धरत नाही. कढत कस्टर्ड ओतले तर केळी शिजून पाणी सोडतात. अगदी गार झालेले ओतले तर ते घट्ट होऊन बसते आणि बिस्किटांच्या फटींत उतरत नाही. बोट सोसवेल इतके कोमट, ही खूण धरावी.

केळी पिवळीधमक, सालीवर तपकिरी ठिपके नुकते उमटलेली घ्यावीत. हिरव्या केळ्यात पिष्ट भरलेले असते; पिकताना त्याची बहुतेक साखर होते. म्हणून अर्धवट पिकलेले केळे पुडिंगात तुरट आणि पिठूळ लागते, तर फार पिकलेले केळे विरघळून जाते. वेलची केळी घेतल्यास संख्या दुप्पट करावी. त्यांच्या लहान चकत्या सुबक दिसतात. राजेळी केळी मात्र शिजवून किंवा सुकवून खाण्याची. त्यांचा येथे उपयोग नाही.

केळी आधी चिरून ठेवू नयेत. चिरलेल्या केळ्याला वारा लागला की ते काळे पडते. सफरचंदाचे आणि वांग्याचेही तेच होते. लिंबाचे चार थेंब चोळल्याने हे लांबते. परंतु खरा उपाय म्हणजे चिरलेली चकती लगेच कस्टर्डखाली झाकणे. थर लावण्याचे सारे मर्म यातच आहे.

काचेचे खोल भांडे असल्यास थर बाहेरून दिसतात. नसल्यास कोणताही मोठा डबा चालेल. तळाशी पळीभर कस्टर्ड पसरावे. त्यावर बिस्किटे लावावीत, मोडलेल्या तुकड्यांनी फटी बुजवाव्यात. त्यावर अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, आणि त्यावर कस्टर्ड. असे तीन वेळा करावे. शेवटचा थर कस्टर्डचाच हवा आणि एकही चकती उघडी राहता कामा नये. कडेला तर विशेष लक्ष द्यावे. मग झाकण ठेवून भांडे फ्रिजमध्ये ठेवावे.

येथे आपले काम संपते आणि पुडिंगचे सुरू होते. कोरडे बिस्किट कस्टर्डमधील ओलावा शोषून घेते आणि केकसारखे मऊ होते. ओलावा गेल्याने कस्टर्ड अधिक आळते. केळ्याचा वास दोघांत मुरतो. चार तासांत हे जमू लागते. रात्रभर ठेवल्यास उत्तम. मारी बिस्किट अमेरिकन बिस्किटाहून कोरडे असल्यामुळे त्याला रात्र द्यावीच. वाढण्यापूर्वी घुसळलेली साय वर पसरावी आणि बिस्किटाचा चुरा भुरभुरावा. दुसऱ्या दिवशी मात्र पुडिंग संपवून टाकावे; त्यानंतर केळी पाणी सोडतात.

अमेरिकेच्या दक्षिणेत सामुदायिक भोजनाला, कुटुंबाच्या मेळाव्याला, दुःखाच्या घरीसुद्धा हे पुडिंग नेतात, ते या गुणामुळेच. एका भांड्यात पुष्कळांचे होते, आदल्या दिवशी करता येते आणि आयत्या वेळी कोणाला चुलीपाशी अडकून पडावे लागत नाही.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. माझ्या आईने सणाच्या दिवशी गरम पुरी कधी खाल्ली नाही. ती तळत असे आणि आम्ही खात असू. सर्वांची पाने उठल्यावर ती थंड झालेल्या उरल्यासुरल्या पुऱ्या घेऊन बसे, आणि यात काही वावगे आहे असे आम्हां मुलांना, किंवा तिलाही, कधी वाटले नाही. आजही पुष्कळ घरांत सणाचा आनंद असाच वाटला जातो. एका पुडिंगने ही रीत पालटेल असे मी म्हणत नाही. पण पंगतीतले निदान एक पक्वान्न आदल्या रात्री उरकले, तर करणारीला सर्वांबरोबर पानावर बसता येते. आणि आदल्या रात्रीचे ढवळणे घरातल्या पुरुषांना किंवा मुलांना सहज जमण्यासारखे आहे. दोन मिनिटे घड्याळाकडे पाहावयाचे एवढेच त्यातले कौशल्य.

पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला मी पुन्हा पुडिंग केले, या वेळी बिनअंड्याचे आणि पुरते उकळलेले. ते चमच्याने कापले गेले आणि सर्व मुलींनी एकत्र बसून खाल्ले. वाढणे मुलींनीच हाती घेतले होते, त्यामुळे मलाही त्यांच्या ओळीत जागा मिळाली. आपणही एकदा करून पाहावे, एवढे सुचवून मी आपली रजा घेते.