प्रवाह दिसला, पण चॅनेलमधून आला का?

हेक्साडेकेन नावाच्या तेलात लिपिड विरघळवा आणि त्यात मिठाच्या पाण्याचे दोन छोटे थेंब सोडा. काही मिनिटांत प्रत्येक थेंबाभोवती लिपिडचा एकेरी थर जमतो. रेणूंची डोकी आत पाण्याकडे, शेपट्या बाहेर तेलाकडे. आता थेंब हळूच एकमेकांना टेकवा. मधलं तेल बाजूला सरतं, शेपट्यांना शेपट्या भिडतात आणि जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीचं दुहेरी पटल तयार होतं. (घाई केलीत तर थर पुरता जमत नाही आणि दोन थेंबांचा एक थेंब होतो. माझा पहिला आठवडा यातच गेला.)

हे पटल म्हणजे आयनांसाठी भिंतच. त्यात दार बसवायला अल्फा-हिमोलायसिन वापरतात. हे मूळचं स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं विष. त्याची सात एककं एकत्र येऊन पटलात आरपार नळी करतात. सर्वांत अरुंद जागी तिचा व्यास सुमारे १.४ नॅनोमीटर. ऑक्सफर्डमधल्या हेगन बेली यांच्या गटानं २०१३ मध्ये असे हजारो थेंब प्रिंटरनं रचून ऊतीसारखं जाळं केलं आणि ठरावीक वाटेवरच्या थेंबांतच हे प्रथिन घातलं. विद्युत संदेश त्याच वाटेनं गेला.

आता खरी गोम. प्रवाह दिसला म्हणजे चॅनेल उघडलं, असं नाही. पटल खराब झालं तरी प्रवाह येतोच! ओळखायचं कसं? १ मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १०० मिलिव्होल्टला अल्फा-हिमोलायसिनची एक नळी सुमारे १०० पिकोअँपिअर प्रवाह देते. म्हणून नळ्या एकेक करून बसल्या की आलेखात जवळपास सारख्या उंचीच्या पायऱ्या दिसतात. गळतीला असं माप नसतं. शंका उरली तर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घाला. तो रेणू नळीत थोडा वेळ अडकतो, प्रवाह पडतो, पुन्हा वर येतो. गळती असं वागत नाही.

मी पहिला आलेख घेऊन गेले तेव्हा गाईडनी एवढंच विचारलं, "बिनप्रथिनाची जोडी कुठंय?" ती मी केलीच नव्हती. केली, तर तिथंही उड्या! कधी २० पिकोअँपिअरच्या, कधी ३०० च्या. मग आधीचा आलेख नीट मोजला; त्यातल्याही अर्ध्या उड्या तसल्याच निघाल्या. आता मी बिनप्रथिनाची जोडी आधी लावते, तेच लिपिड, तेच द्रावण, तेवढाच वेळ, आणि ती शांत राहिली तरच प्रथिनाची कुपी बर्फातून बाहेर काढते.