मोतीबिंदू थांबतो, काचबिंदू थांबत नाही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

माणमधून मी तुमची बचत गटाची ताई बोलतेय. आज कर्ज, हप्ता, व्याज काही नाही. आज डोळ्यांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात माझ्याच घरापासून करते.

माझ्या सासूबाई भात निवडायच्या, नातवंडांना गोष्टी सांगायच्या. डोळ्यांची तक्रार अशी काही नव्हती. फक्त उंबऱ्याला ठेचकाळायच्या, बाजूला ठेवलेला तांब्या लाथेनं सांडायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. चष्म्याच्या एका दुकानात दोन वर्षांत दोनदा नंबर बदलून आणला. शेजारणी म्हणाल्या, "मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग काढा." आम्ही पिकायची वाट पाहत बसलो. पुढे एका शिबिरात कळलं की तो मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती. डावा डोळा औषधाच्या थेंबांवर टिकून आहे.

हा फरक नीट लक्षात घ्या. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून नवं भिंग बसवलं की बहुतेकांना पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होते, आणि तिचं गेलेलं काम परत येत नाही. उपचारानं फक्त उरलेली नजर राखता येते. बहुतेक वेळा दुखत नाही, लालही होत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं मात्र स्वच्छ दिसतं. म्हणून तर सासूबाई भात निवडू शकत होत्या आणि तांब्या त्यांना दिसत नव्हता.

काही जणांना मात्र अचानक झटका येतो. डोळा ठणकतो, लाल होतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. अशा वेळी पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा.

आपल्या देशात चाळिशीपुढच्या एक कोटीहून जास्त लोकांना काचबिंदू असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. गावोगावी केलेल्या पाहण्यांत बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हतं. आपल्या महाराष्ट्रातही नागपूरजवळच्या खेड्यांत 2006 ते 2008 या काळात 4,711 लोकांचे डोळे तपासले गेले होते. अशी दारापर्यंतची तपासणी रोज कोण करणार? डोळ्यांचे डॉक्टर शहरात जास्त, खेड्यात कमी. म्हणून आज ऑप्टोमेट्रिस्टबद्दल सांगते.

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे फ्रेम विकणारा चष्मेवाला नव्हे. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेली ती व्यक्ती असते. पदवीचा अभ्यास काही वर्षांचा, त्यात शेवटी प्रत्यक्ष कामाचा काळ. 2021च्या केंद्राच्या कायद्यात या व्यवसायाची नोंद आहे. ऑपरेशन तो करत नाही, ते डॉक्टरचं काम. पण काचबिंदूचा संशय ओळखणं आणि संशयितावर लक्ष ठेवणं हे काम, जादा प्रशिक्षण मिळालं तर, तो चांगलं करू शकतो.

त्या प्रशिक्षणात काय शिकवतात? पहिलं, विचारपूस. घरात कुणाला काचबिंदू आहे का, डोळ्याला मार लागला होता का, स्टेरॉइडचं औषध चालू आहे का. दुसरं, डोळ्यातला दाब. तो साधारण 10 ते 21 असतो. हवेचा झोत मारणारं यंत्र प्राथमिक अंदाज देतं. नेमका दाब पाहायला दुसरं उपकरण अलगद बुबुळाला टेकवावं लागतं. पण दाब बरोबर असूनही नस खराब होऊ शकते, म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही. तिसरं, डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोपरा उघडा आहे की अरुंद. चौथं, नस. ताटात वाटी ठेवावी तशी ती आतून दिसते. ही वाटी मोठी होत चालली तर धोका. पाचवं, कडेची नजर. यंत्रासमोर बसवून बारीक दिवे दाखवतात, दिसला की बटण दाबायचं.

ही यंत्रं चालवणं हात बसला की जमतं. अवघड आहे ते ठरवणं. म्हणून शिकणारा आणि डॉक्टर एकच रुग्ण वेगवेगळे तपासतात आणि मग दोघांची नोंद जुळवतात. का? प्रत्येकाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं तर बाईची दिवसाची मजुरी बुडते आणि खऱ्या रुग्णाचा नंबर लांबतो. पाठवायला हवा तो घरी राहिला तर नजर जाते. इंग्लंडमध्ये प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी दाब पुन्हा मोजून खात्री करतात. दक्षिण भारतात अरविंद आणि एल. व्ही. प्रसाद या नेत्रसंस्थांनी गावपातळीवर केंद्रं काढली. तिथे शिकलेले कर्मचारी तपासतात आणि गरज असेल तसा डॉक्टरांचा सल्ला घेतात.

आता 'संशयित' म्हणजे काय? सासूबाईंची फाईल बघून शिबिरातल्या मुलीनं विचारलं, "मुलं किती? भावंडं किती?" रक्ताच्या नात्यात धोका जास्त असतो. सगळ्यांना तपासलं, तर माझ्या मालकांचा दाब 24 निघाला. नस चांगली, नजर चांगली. आजार नाही, पण संशय आहे. दर सहा महिन्यांनी या, म्हणाले. पहिल्यांदा हे म्हणाले, "मला तर सगळं दिसतंय, सुट्टी कशाला घालवू?" मी त्यांना अंगणवाडीचा वजनाचा तक्ता आठवून दिला. बाळाचं एकदाचं वजन फारसं सांगत नाही. महिन्यामहिन्याची रेघ वर जाते की खाली, त्यावरून कळतं. डोळ्याचंही तसंच. मागची नोंद असेल तरच आजचा फरक कळतो. म्हणून फाईल जपा, गटाच्या वहीसारखी.

मैत्रिणींनो, आता आपण काय करायचं? चाळिशी ओलांडलेल्यांनी नंबर काढताना विचारायचं, "दाब बघितला का? नस बघितली का?" घरात काचबिंदू असेल, मधुमेह असेल, किंवा मोठा मायनस नंबर असेल तर आवर्जून सांगायचं. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं थेंब आणायचे नाहीत. त्यात स्टेरॉइड असेल तर दाब वाढू शकतो.

थेंब चालू असतील तर एका वेळी एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडायची. दमा असेल तर आधी सांगायचं, कारण काही थेंब दम्याला चालत नाहीत. बरं वाटतंय म्हणून बंद करायचे नाहीत. परवडत नसतील तर जेनेरिक मिळेल का विचारा, पण खंड पाडू नका.

औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, पुण्याचं ससून आपल्याला पोचण्यासारखं आहे. दर वर्षी मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह असतो. त्या वेळी शिबिराची चौकशी करा, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न घ्या: चाळिशीपुढच्या किती जणींचा दाब आजवर मोजला गेलाय?

आमच्या बैठकीत मी हे विचारलं. वीसपैकी दोघींनी हात वर केला. पुढच्या महिन्यात बाकीच्या जणी गाडी करून जाणार आहेत. सासूबाई म्हणतात, "मला आधी कुणी सांगितलं असतं तर." म्हणूनच सांगतेय.