व्यवसायाच्या सुरक्षाप्रणालीतील संगणक आज्ञावली : एकरकमी खरेदी आणि वार्षिक वर्गणी

प्रस्तावना

दुकान, कारखाना, पतसंस्था किंवा रुग्णालय यांपैकी कोणत्याही व्यवसायाच्या सुरक्षिततेचा विचार करताना पूर्वी कुलूप, तिजोरी आणि रखवालदार या तीन गोष्टी डोळ्यांसमोर येत. या तिन्ही गोष्टी एकदा विकत घेतल्या अथवा नेमल्या की त्यांच्या मालकीविषयी संदिग्धता राहत नसे. संगणकाधारित सुरक्षाप्रणालीच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. विषाणूरोधक आज्ञावली, सीसीटीव्हीचे चित्रण साठविणारी व्यवस्था, कर्मचाऱ्यांच्या प्रवेशाची नोंद घेणारी यंत्रणा या सर्वांचा गाभा सॉफ्टवेअर हा असून ते विकत घेतले जाते की भाड्याने वापरले जाते, हे अनेकदा पैसे देणाऱ्या व्यावसायिकासही नेमके ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात एकरकमी परवाना आणि कालबद्ध वर्गणी या दोन पद्धतींतील फरक लहान व मध्यम व्यावसायिकाच्या दृष्टीने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वस्तू की सेवा?

या प्रश्नाचे महत्त्व भारतात सर्वांत ठळकपणे पुढे आले ते एका पुण्याच्या कंपनीच्या खटल्यातून. क्विक हील टेक्नॉलॉजीज ही कंपनी आपली विषाणूरोधक आज्ञावली तबकडी व परवाना-क्रमांक अशा स्वरूपात विक्रेत्यांमार्फत विकत असे. ग्राहक दुकानातून खोका विकत घेई, त्यातील क्रमांक संगणकात भरी आणि ठराविक मुदतीपर्यंत नव्या विषाणूंविरुद्धची अद्ययावत माहिती त्यास इंटरनेटवरून मिळत राही. ही विक्री आहे, असे मानून विक्रीकर भरला जात होता. सेवाकर विभागाचे म्हणणे मात्र असे होते की, अद्ययावतीकरण सतत पुरविले जात असल्याने ही सेवा आहे. मार्च 2011 ते मार्च 2014 या काळासाठी सुमारे 56 कोटी रुपयांच्या सेवाकराची मागणी करण्यात आली. न्यायाधिकरणाने ती फेटाळली आणि ऑगस्ट 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तबकडीसह आज्ञावली एकरकमी किमतीस विकली गेली व त्यावर विक्रीकर भरला गेला असता, अद्ययावतीकरण मिळते एवढ्या कारणावरून त्याच व्यवहारावर पुन्हा सेवाकर आकारता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होय.

तत्पूर्वी 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात तयार आज्ञावली ही ‘वस्तू’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेच होते. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हा वाद करापुरता बराचसा मावळला. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने तो मावळलेला नाही. कायद्याच्या भाषेत ‘वस्तू’ ठरलेला तो खोका मुदत संपताच संरक्षण देण्याचे थांबवितो, आणि कुलूप विकत घेणाऱ्यास असा अनुभव कधी येत नाही. विषाणूरोधक आज्ञावली ही दिसावयास खरेदी आणि वागावयास वर्गणी अशी मिश्र जात आहे, असे म्हणावे लागते.

एकरकमी खरेदीत नेमके काय मिळते

एकरकमी परवान्यात विशिष्ट आवृत्ती अमर्याद काळ वापरण्याचा हक्क मिळतो. त्या आवृत्तीस अमर्याद काळ दुरुस्त्या मिळण्याचा हक्क मिळत नाही. या दोन हक्कांची गल्लत हीच बहुतेक चुकीच्या निर्णयांची मुळाशी असलेली गोष्ट आहे. हिशोबाची आज्ञावली दहा वर्षे जुनी असली तरी बेरीज चुकत नाही. सुरक्षेच्या आज्ञावलीचे तसे नसते, कारण तिच्यासमोरचा प्रतिपक्ष दररोज बदलत असतो.

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी थांबविला. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक बाधित केले, तेव्हा कंपनीस अपवाद म्हणून एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. मात्र या घटनेतील खरा बोध वेगळाच आहे. बाधित झालेल्या संगणकांत विंडोज 7 असलेले संगणक फार मोठ्या प्रमाणात होते आणि त्या प्रणालीसाठीची दुरुस्ती मार्च 2017 मध्येच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झालेली होती. ती बसविली गेली नव्हती. म्हणजे दुरुस्ती मिळणे आणि ती बसविली जाणे या स्वतंत्र बाबी आहेत. जेथे संगणक विभाग नाही, हिशोबनीसच संगणकाचे पाहतो, अशा संस्थेत दुसरी बाब हमखास मागे पडते. वर्गणीच्या आज्ञावल्यांत अद्ययावतीकरण बहुधा आपोआप होते, हा त्यांचा मोठा गुण त्यामुळेच लक्षात घेतला पाहिजे.

खर्चाचे गणित

समजा, एका संस्थेस वीस संगणकांसाठी एकरकमी परवाना 60,000 रुपयांस मिळतो व दुसऱ्या वर्षापासून देखभाल करारासाठी मूळ किमतीच्या 20 टक्के, म्हणजे 12,000 रुपये, द्यावे लागतात. याउलट वर्गणी वर्षास 24,000 रुपये आहे. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) तिसऱ्या वर्षाअखेर एकरकमी पद्धतीचा एकूण खर्च 84,000 तर वर्गणीचा 72,000 रुपये होतो. चौथ्या वर्षी दोन्ही 96,000 रुपयांवर येतात आणि पाचव्या वर्षी वर्गणी 12,000 रुपयांनी महाग ठरते.

देखभाल करार केलाच नाही तर तिसऱ्याच वर्षी एकरकमी खरेदी स्वस्त दिसू लागते. येथेच अनेक व्यावसायिक फसतात. कारण ती बचत दुरुस्त्या न घेतल्याने झालेली असते. दुसरीकडे वर्गणीचा दर दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढला, तर चार वर्षांचा खर्च 1,11,384 रुपये होतो व वर्गणी चौथ्याच वर्षी सुमारे 15,000 रुपयांनी महाग पडते. म्हणून पहिल्या वर्षाच्या दरापेक्षा नूतनीकरणाचा दर करारात बांधलेला आहे की नाही, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे. पहिल्या वर्षी सवलत आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दर, ही विक्रीची रीत आता सर्वपरिचित आहे.

करआकारणीच्या अंगानेही फरक पडतो. एकरकमी आज्ञावली ही साधारणतः भांडवली मत्ता मानली जाऊन तिच्यावर घसारा मिळतो. हा दर पूर्वी 60 टक्के होता, तो 2017-18 या आर्थिक वर्षापासून 40 टक्के करण्यात आला. वर्गणी हा बहुधा महसुली खर्च असल्याने त्याची वजावट त्याच वर्षी घेता येते.

विक्रेत्याची मर्जी

एकरकमी खरेदीचा पर्याय ग्राहकाच्या हाती आहे, असे गृहीत धरणेही आता धोक्याचे झाले आहे. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि डिसेंबर 2023 मध्ये त्या आज्ञावल्यांच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री व त्यांच्या देखभाल करारांचे नूतनीकरण बंद केले. ज्यांच्याकडे जुने परवाने होते त्यांचा वापराचा हक्क शिल्लक राहिला. पण करार संपल्यानंतर आधार मिळविण्यासाठी वर्गणीकडे वळण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

वर्गणीची आपोआप येणारी दुरुस्तीही निर्धोक नसते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ज्या गुणामुळे ‘वॉनाक्राय’ टळले असते, तोच गुण येथे दोषास कारण झाला.

सीसीटीव्ही आणि नोंदींचा प्रश्न

विषाणूरोधक आज्ञावलीची वर्गणी संपली तर ती दुसऱ्या कंपनीची घेता येते. गमावण्यासारखे फारसे काही नसते. चित्रणाचे तसे नाही. दुकानातील मुद्रकयंत्रावर, म्हणजे डीव्हीआरवर, साठविलेले चित्रण मालकाच्या ताब्यात असते. मात्र त्या यंत्रातील आज्ञावली कोणी अद्ययावत करीत नाही. 2016 मध्ये ‘मिराय’ या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे व डीव्हीआर मोठ्या संख्येने काबीज केले आणि 21 ऑक्टोबर 2016 रोजी अमेरिकेतील ‘डिन’ या कंपनीवरील हल्ल्यासाठी वापरले. पाळत ठेवण्यासाठी घेतलेले यंत्र मालकाच्या नकळत दुसऱ्यावर हल्ला करीत होते, ही त्यातील विसंगती होय.

क्लाउडवर चित्रण साठविणाऱ्या वर्गणीत हा दोष कमी. परंतु वर्गणी थकल्यास चित्रण किती दिवस राहील, हे विक्रेत्याच्या अटींवर अवलंबून असते. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने संगणकीय घटनेची माहिती सहा तासांत कळविणे व प्रणालीतील नोंदी 180 दिवस जतन करणे बंधनकारक केले आहे. सुरक्षेच्या नोंदी ज्या खात्यात साठतात तेच खाते नूतनीकरणाअभावी बंद झाले, तर हे बंधन पाळावयाचे कसे, याचे उत्तर विक्रेत्याकडे नव्हे तर संस्थेकडे मागितले जाईल. म्हणून वर्गणी स्वीकारताना मुदत संपल्यावर नोंदी व चित्रण उतरवून घेण्यास किती दिवस मिळतील, ते दुसऱ्या आज्ञावलीत उघडता येईल अशा स्वरूपात असेल काय, आणि थकबाकीच्या काळात प्रवेशद्वाराची यंत्रणा चालू राहील की बंद पडेल, या तीन गोष्टी लेखी घेणे आवश्यक ठरते. छापील करारात त्या बहुधा नसतात. विक्रेत्याकडून स्वतंत्र पत्र मागून ते करारास जोडता येते.