द्राक्षाचे दोन रस्ते

नाशिकचे द्राक्ष कसारा घाट उतरून शहापूरमार्गे मुंबईकडे येते. जुन्नरचे माळशेज उतरून मुरबाडमार्गे. याच रस्त्यांच्या कडेला उन्हाळ्यात आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसतात. करवंदाच्या जाळीवर कोणी फवारा मारत नाही. द्राक्षाला मात्र केवडा, भुरी, फुलकिडे, आणि फळ सालीसकट खायचे. म्हणून शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस सोडायचे, तेवढ्यात औषध विरते, असा हिशेब.

२०१० साली तो चुकला. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे कीड मारणारे औषध नव्हेच. वेलीची शेंडेवाढ रोखून काडीत घड धरायला लावणारे संजीवक. ते मुख्यतः एप्रिलच्या खरड छाटणीनंतर देतात, फळाच्या कित्येक महिने आधी. तरीही ते काडीत मुरले आणि पुढच्या हंगामात मण्यांत उतरले. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, बागायतदार पोळले. तोवर आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतेच!

आज युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग 'अपेडा'च्या ग्रेपनेटवर नोंदवावी लागते, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. देशी बाजाराच्या पेटीलाही कायद्याने मर्यादा आहे. पण बागेतच नमुना घेण्याची सक्ती नाही. शहापूरच्या नाक्यावरून एक गाडी न्हावा-शेवा बंदराला जाते, दुसरी वाशीच्या बाजाराला. आपल्या ताटात येतो तो दुसऱ्या गाडीतला घड.