तोरा-पठन व प्रौढ शिक्षण

सिनॅगॉगमध्ये तोरा, म्हणजे मोझेसचे पाच ग्रंथ, परंपरागत स्वरांत जाहीरपणे वाचणे हा ज्यू उपासनेचा प्राचीन व महत्त्वाचा भाग आहे. ही विद्या सामान्यतः बालपणीच संपादन केली जाते. ज्यांना ती त्या वयात मिळाली नाही, अशा प्रौढ स्त्रीपुरुषांनी ती पुढे शिकून घेण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेतील ज्यू समाजात, रूढ झाली.

वार्षिक पठनासाठी तोरेचे ५४ भाग पाडलेले असून ‘सिम्हात तोरा’ या सणाच्या दिवशी पठनाचे आवर्तन पूर्ण होऊन लगेच नवे सुरू होते. सब्बाथखेरीज सोमवारी व गुरुवारीही पठन होते. पठनाची गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. तिच्यात केवळ व्यंजने असतात. स्वरचिन्हे, विरामचिन्हे वा गायनखुणा नसतात. लेखनास हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून टोकाशी बोट कोरलेल्या दर्शकदंडाने ओळी दाखविल्या जातात. शब्दांचे उच्चार आणि चाल वाचकाने आधीच मनात ठेवलेली असावी लागते. नवशिक्याची खरी कसोटी येथेच लागते.

गायनखुणांना हिब्रूत ‘तआमीम’ म्हणतात. टायबीरिअस येथील मॅसोराकारांनी इ. स. दहाव्या शतकापर्यंत त्यांची पद्धती निश्चित केली. आरन बेन आशर हा त्यांतील अग्रगण्य पंडित होय. या खुणा वैदिक संहितांतील उदात्त-अनुदात्त-स्वरितांची आठवण करून देतात. परंतु वैदिक खुणा अक्षराचा स्वरोच्चार दाखवितात, तर हिब्रू खुणा मुख्यतः वाक्याची फोड दाखवितात. काही खुणा शब्द जोडतात, काही तोडतात. आघात कोठे द्यावयाचा हेही बहुतेक खुणांवरून कळते. ‘उत्पत्ती’च्या २९ व्या अध्यायात राहेल ‘येत आहे’ आणि राहेल ‘आली’ या दोन अर्थांचे हिब्रू शब्द सारखेच लिहिले जातात. भेद केवळ आघाताचा आहे. भविष्यग्रंथांतून वाचावयाच्या उताऱ्यांतही याच खुणा असतात. ‘यशया’च्या ४० व्या अध्यायातील घोषणा ‘अरण्यात मार्ग सिद्ध करा’ अशी आहे, की घोषणा करणारी वाणीच अरण्यातील आहे, या वादात मॅसोराकारांच्या खुणांचा कौल पहिल्या अर्थाला आहे. शलशेलेत ही लांबलचक आलापाची खूण संपूर्ण तोरेत अवघ्या चार ठिकाणी येते. त्यांपैकी एक, लोट सॉडम नगरी सोडताना रेंगाळला, त्या शब्दावर आहे.

खुणा सर्वत्र त्याच असल्या, तरी त्यांच्या चाली अश्केनाझी, येमेनी, बगदादी अशा परंपरांनुसार भिन्न आहेत. शिकणारा प्रथम प्रत्येक खुणेचे नाव तिच्याच चालीवर घोकतो, मग छापील पाठावर सराव करतो. ‘तिक्कुन’ नावाच्या सरावग्रंथात एका स्तंभात खुणांसह आणि शेजारी गुंडाळीप्रमाणे खुणांविना तोच पाठ दिलेला असतो. ध्वनिमुद्रण ऐकून एखादा उतारा पाठ करणे हा सोपा मार्ग पुष्कळ जण पत्करतात. पण त्यामुळे पुढला उतारा पुन्हा नव्यानेच शिकावा लागतो. अर्थ बदलणारी चूक झाल्यास श्रोते ती तत्काळ मोठ्याने सुधारतात व वाचकास तो शब्द पुन्हा म्हणावा लागतो. मुलाच्या बाबतीत हे कौतुकाने घडते. पन्नाशीच्या गृहस्थाला मात्र समाजासमक्ष ते सोसण्याची तयारी ठेवावी लागते.

प्रौढ विद्यार्थ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असण्यास इतिहास कारणीभूत आहे. तेराव्या वर्षी होणारा ‘बार मित्झ्वा’ हा विधी मुलांपुरताच होता. १९२२ मध्ये न्यूयॉर्क येथे मॉर्डेकाय कॅप्लन यांची कन्या जूडिथ हिचा ‘बात मित्झ्वा’ झाला, तेव्हाही तिने गुंडाळीतून नव्हे, तर छापील ग्रंथातून वाचन केले. १९७० नंतर ब्रँडाइस विद्यापीठातील रब्बी अल्बर्ट ॲक्सलरॅड यांच्यासारख्यांनी प्रौढांसाठी असे विधी सुरू केले. लहानपणी केवळ ऐकत बसलेल्या अनेक स्त्रिया त्या निमित्ताने हिब्रू लिपीपासून आरंभ करून पठनापर्यंत पोहोचल्या. सनातनी पंथात मात्र स्त्रीपुरुषांच्या एकत्र उपासनेत स्त्रियांनी तोरा वाचणे सामान्यतः मान्य नाही. त्यामुळे हा प्रश्न केवळ शिक्षणाचा न राहता अधिकाराचाही बनला आहे.

महाराष्ट्रातील बेने-इझ्राएल समाजाचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. कोकणात शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी सब्बाथ, सुंता व ‘शमा’ ही प्रार्थना जतन केली होती. पण हिब्रू ग्रंथांची परंपरा त्यांच्यातून लोप पावली होती. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचे पहिले सिनॅगॉग स्थापन झाले. एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी त्यांना हिब्रू वाचन व उपासनाविधी शिकविले. मिशनरी जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता. बेने-इझ्राएल मात्र भाषेच्या त्या ज्ञानासह आपल्याच धर्मात राहिले.