अधू हाताची कैवारी
बर्टा बोबाथ यांचा जन्म १९०७ साली बर्लिनमधील. मूळच्या त्या व्यायामशिक्षिका. नाझी राजवटीमुळे ज्यू म्हणून देश सोडून त्यांना लंडन गाठावे लागले. तेथे पक्षाघात झालेल्या एका चित्रकारावर उपचार करताना त्यांना उमगले की, योग्य हाताळणीने आखडलेला हातही सैलावतो. त्या काळी अधू बाजू बुडीत खात्यात टाकून धडधाकट बाजूवरच भिस्त ठेवीत. बर्टाबाईंनी अधू बाजूच कामाला लावली. चाळिशी ओलांडल्यावर, १९५० साली, त्यांनी फिजिओथेरपीची रीतसर पात्रता मिळविली आणि पती डॉ. कारेल यांच्यासह सेरेब्रल पाल्सीग्रस्त बालकांसाठी आयुष्य वेचले.

आपल्या घरातील अशा रुग्णाचे प्रत्येक काम आपणच उरकू नये. थेरपिस्टच्या सल्ल्याने त्याच्या अधू हातालाही काम द्यावे. शुश्रूषेला धीर लागतो तो इथेच.