सौंदर्यविषयक स्त्रीरोग शस्त्रक्रिया : निर्णय आणि पूर्वतयारी

योनीच्या बाह्य भागाचा आकार बदलणे किंवा योनिमार्ग घट्ट करणे, अशा शस्त्रक्रियांची जाहिरात अलीकडे सर्वत्र दिसते. बहुतेक वेळा त्या तातडीच्या नसतात. म्हणून शांतपणे विचार करणे, हीच तयारीची पहिली पायरी होय.

वेगळेपण म्हणजे आजार नव्हे

योनिमुखालगतच्या त्वचेच्या घड्यांना भगोष्ठ म्हणतात. त्यांचा आकार, रंग व लांबी प्रत्येक स्त्रीची निराळी असते. दोन्ही बाजू सारख्या नसणे हेही स्वाभाविक आहे. लंडन येथे ५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आतील भगोष्ठांची रुंदी ७ ते ५० मिलिमीटर आढळली. वय व बाळंतपण यांनुसारही बदल होतात. १८ वर्षांखालील मुलींची शारीरिक वाढ चालू असल्याने केवळ रूपासाठी त्यांच्यावर अशी शस्त्रक्रिया करू नये.

योनिपटलावरून कौमार्य ठरवता येत नाही. विवाहासाठी ते ‘पूर्ववत’ करून घेण्याचा आग्रह कोणी धरीत असल्यास त्यास शास्त्रीय आधार नाही.

चालताना घर्षण होऊन वेदना होणे, खोकताना लघवी गळणे, अंग बाहेर येणे ही मात्र उपचारयोग्य लक्षणे आहेत. त्यांसाठी प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी करून घ्यावी. काही त्रास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामानेही कमी होतात.

डॉक्टरांना हे अवश्य विचारावे

- शस्त्रक्रियेची मला खरोखर गरज आहे काय? अन्य उपाय कोणते?
- आपली वैद्यकीय नोंदणी व या शस्त्रक्रियेचा अनुभव काय? भूलतज्ज्ञ उपस्थित असतील काय?
- रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण, संवेदना कमी होणे, संबंधाच्या वेळी वेदना यांची शक्यता किती?
- एकूण खर्च किती? आरोग्य विम्यातून सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा मिळत नाही.

लेझर वा तत्सम उपकरणांनी योनी ‘तरुण’ करण्याच्या दाव्यांपासून सावध राहावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा वापरातून भाजणे, व्रण व दीर्घकाळच्या वेदना होऊ शकतात, असा इशारा दिला आहे.

संमती आपलीच

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे की, तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती ठरत नाही आणि संमतीपूर्वी पुरेशी माहिती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. संमतिपत्र आपल्या भाषेत समजून घ्यावे. पती, सासर वा माहेर यांच्या दबावाखाली सही करू नये. स्वाक्षरीनंतरही नकार देता येतो.

शस्त्रक्रियेपूर्वी

- मधुमेह, रक्तदाब, अ‍ॅलर्जी, गर्भधारणेची शक्यता व चालू असलेली सर्व औषधे, काढे-चूर्णांसह, डॉक्टरांना सांगावीत.
- रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून बंद करू नयेत.
- विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री किमान ४ आठवडे आधी थांबवावी. अन्यथा जखम भरण्यास विलंब होतो.
- घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो.
- भूल द्यावयाची असल्यास सामान्यतः ६ तास आधीपासून अन्न व दूध, दुधाचा चहादेखील, आणि २ तास आधीपासून पाणी वर्ज्य असते. डॉक्टरांनी दिलेली वेळ काटेकोर पाळावी.
- परत नेण्यासाठी व पहिली रात्र सोबतीस विश्वासू व्यक्ती असावी.

शस्त्रक्रियेनंतर

जखम स्वच्छ व कोरडी ठेवावी, सैल सुती कपडे वापरावेत. सूज ओसरण्यास काही आठवडे लागतात. साधारणतः ६ आठवडे, डॉक्टर परवानगी देईपर्यंत, शरीरसंबंध टाळावेत व जड वजन उचलू नये.

त्वरित रुग्णालयात जावे : तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, १००.४ अंश फॅरेनहाइट वा अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढती सूज वा वेदना, लघवी न होणे, पोटरीत दुखणे वा दम लागणे. तातडीसाठी ११२ वर संपर्क साधावा.

आपल्या शरीराविषयी सतत लाज वा चिंता वाटत असल्यास ‘टेली मानस’ च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. मदत मागण्यात संकोच नसावा.